परात रिकामी होईपर्यंत

अवरेकाई आली. डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. गल्लीच्या तोंडाशी गाडीवाला या वालासारख्या शेंगांचा ढीग ओततो, शेंगांवर पहाटेच्या धुक्याचं पाणी असतं, आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास मागे सरतो. चिकपेटेच्या कापडबाजारात वर्षभर खळीचाच वास. थंडी पडली की तेवढे दिवस अवरेचा. या वासाला इथे सोगडु म्हणतात. शेंगेच्या अंगचं तेल असतं, ते बोटांना चिकटतं आणि साबणानं जात नाही. मराठीत त्याला शब्द नाही. नसला तर नसला. आमच्या घराण्याला बेंगळुरात किती पिढ्या झाल्या ते कुणाला सांगता येत नाही. जिथे मराठी कमी पडते तिथे आम्ही कन्नड घेतो आणि स्वयंपाक पुढे चालू ठेवतो.

"हात लावून बघ की अज्जी, सोगडु कसा आहे," गाडीवाला म्हणाला.

"हात लावला की घ्यावी लागते. म्हणून तर सांगतोस."

घेतली. वर येऊन गच्चीत चटई टाकली, एक शेंग मोडली, बोटं नाकाशी नेली, आणि कानात ते सुरू झालं. इंट मेन, कंस उघड, कंस बंद, महिरप उघड. इंट ए कॉमा बी कॉमा सी सेमीकोलन.

माझ्या कानात भजन सुरू व्हायला हवं या वयात. हे सुरू होतं.

ते वैजूचं. वैजू माझी नात, दत्ताची मुलगी. दत्ता माझा एकुलता मुलगा, शहराबाहेर आनेकलला एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वैजू तिथल्या कन्नड शाळेत शिकली, बरे मार्क पडले, आणि तिनं हट्ट धरला की कंप्यूटरच शिकणार आणि शहरातल्या कॉलेजातच शिकणार. रोज आनेकलहून बसनं यायचं म्हणजे निम्मा दिवस रस्त्यात. म्हणून दत्ता तिला माझ्याकडे घेऊन आला. मी कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते, साड्यांना फॉल लावते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दत्तानं तिची बॅग दारात ठेवली आणि म्हणाला, "अम्मा, हिला ठेव." जसं काही पातेलं ठेवायला आणलंय.

जाताना जिन्यात थांबून त्यानं तिला ऐकवलं. "पहिल्या सेमिस्टरला एक विषय जरी गेला तरी मी येऊन घेऊन जाईन. आमच्या शेजारच्या युनिटात पॅकिंगला मुली घेतात. तिथे बसायचं."

दत्ता वाईट माणूस नाही. भित्रा आहे. जे त्यानं स्वतः पाहिलेलं नाही त्याची त्याला भीती वाटते, आणि कॉलेज त्यानं पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. पण मला भीती वाटायला वेळ नव्हता, दसऱ्याच्या साड्या पडल्या होत्या.

त्या वर्षीच्या अवरेच्या दिवसांत काय काय घडलं ते ओळीनं आठवत नाही. दुपारचं ऊन आठवतं. आमच्या गच्चीवर थंडीतलं ऊन उशिरा येतं, शेजारच्या इमारतीच्या टाकीवरून उतरून आधी कठड्यावर बसतं, मग चटईवर. त्या उन्हात मी साडीचा काठ गुडघ्यावर घेऊन फॉल लावतेय, वर घारी हिंडतायत, खालून गल्लीतला गलका येतोय पण तो वर येईपर्यंत मऊ होतो. आणि वैजू येरझाऱ्या घालत म्हणतेय, इफ, कंस उघड, ए ग्रेटर दॅन बी. तिच्या आवाजाला एक चाल लागली होती. त्या चालीवर माझी सुई चालायची. डोळा लागायचा, पुन्हा उघडायचा, तर ती अजून त्याच महिरपीत असायची.

पाठांतर कसं करायचं ते मला ठाऊक होतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. पाढे, आरत्या, श्लोक सगळं पाठ. पुस्तक एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं म्हणायचं, चुकलं की धरणाऱ्यानं थांबवायचं. वैजूनंही शाळेत सगळं असंच केलं होतं, इतिहास असाच, विज्ञान असंच. कॉलेजात प्रोग्राम लिहायचा विषय आला. त्या यंत्राला काम सांगायची एक भाषा असते, तिला सी म्हणतात. ते प्रोग्रामही तिनं असेच पाठ करायला घेतले, आणि पुस्तक धरायला मी.

इंग्रजी मला येत नाही. पण प्रोग्राममध्ये इंग्रजी कमी आणि खुणाच जास्त. प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर टिंब आणि खाली शेपूट, त्याला सेमीकोलन म्हणायचं. ते आलं की बोट पुढच्या ओळीवर न्यायचं. आणि ते नागमोडी कंस. त्यांना आमच्याकडे कुणी नाव दिलं नव्हतं, मी दिलं. महिरप. देवामागे लावतो ना, तशीच, फक्त आडवी पडलेली.

"अज्जी, ब्रॅकेट म्हणायचं."

"महिरपच आहे ती. उघडलीस, आता बंद कर."

"अजून एक आत आहे."

"मग आधी आतली बंद कर. दारं बाहेरून आत लावतात का?"

पुढे ती स्वतःच महिरप म्हणू लागली. इतकं सगळं म्हणून झालं की घसा कोरडा पडायचा, मग ती माझ्याशेजारी बसून शेंगा मोडायची आणि मोडता मोडताही ओठ हलत असायचे. पाठांतर माणसाच्या अंगात घर करतं. मी अजूनही म्हणते की त्यात वाईट काही नाही. साठ वर्षांपूर्वी पाठ केलेलं मला आज म्हणता येतं, तुमच्या समजून घेतलेल्यातलं किती उरलं ते सांगा.

कॉलेजच्या आतल्या परीक्षेला ती गेली तेव्हा मी निर्धास्त होते. पुस्तकातला एकही प्रोग्राम तिला येत नाही असा नव्हता. आली ती चपला दारात अशा टाकून की एक उलटी पडली. साडी हातातून बाजूला ठेवून मी ती चप्पल सुलटी केली.

"काय झालं?"

"मोठा पाठ होता. त्यांनी लहान विचारला."

"नीट सांग."

तीन आकडे दिले तर त्यांतला सगळ्यांत मोठा कोणता, हे शोधायचा प्रोग्राम पुस्तकात होता. तो तिला झोपेतून उठवलं तरी आला असता. परीक्षेत सरांनी सगळ्यांत लहान शोधायला सांगितलं. वैजूनं संपूर्ण प्रोग्राम मोठ्याचाच लिहिला, तसाच्या तसा, एक टिंब न चुकता, आणि वर मथळा घातला लहानाचा. सरांनी बोलावून विचारलं, यात लहान कुठे आहे? ती गप्प उभी राहिली. सर म्हणाले, बाळा, एक खूण उलटी फिरवायची होती. एकच.

"मग फिरवायची नाहीस का?" मी म्हटलं.

"कुठली, ते कुठे ठाऊक होतं?"

मला कुणी आरतीतला एक शब्द फिरवून दुसऱ्या देवाची करून दाखव म्हटलं असतं तर मीही उभीच राहिले असते.

मोठी परीक्षा अवरे संपायच्या सुमारास होती. त्यातली प्रॅक्टिकल तिला सगळ्यांत जड. सगळे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे, जो हाती येईल तो कंप्यूटरपुढे बसून सोडवायचा. आता पाठ केलेलंच येईल याची खात्री नाही, आणि आलं तरी तसंच येईल याची नाही. वैजूनं बॅगेतले कपडे एकदा काढून परत घडी घालून बॅगेतच ठेवले, ते मी पाहिलं. माझ्या कपाटात मी तिला एक खण दिला होता, तो तिनं त्या आठवड्यात वापरला नाही.

गच्चीच्या एका अंगाला वर चढवलेल्या खोलीत तेव्हा केतकी नावाची पुण्याची मुलगी भाड्यानं राहायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला मोठ्या ऑफिसात कामाला, पण पहाटे निघायचं आणि रस्त्यात अडकायचं याला कंटाळून आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायची. तिची मराठी फार घाईची. एका दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीत आली, वैजूचं म्हणणं ऐकलं आणि चिमटा हातात धरून थांबली.

"एक मिनिट. तू कोड पाठ करतेयस?"

वैजू म्हणाली, "हो अक्का."

"सीरियसली? अगं, कोड पाठ करून काय होणारे! लॉजिक कळायला पाहिजे. मेन म्हणजे लॉजिक."

"ते कुठे मिळतं?" मी विचारलं. "पुण्यात?"

ती हसली. मुलगी हलकी नव्हती. खाली बसली, परातीतला भिजलेला दाणा उचलला, दाबला, साल हातात आणि आतला दाणा सटकन उडून तुळशीत. "अय्या, हे तर आमच्या डाळिंब्यांसारखं! आम्ही बिरडं करतो." आम्ही रस्सा करतो, सारू म्हणतो त्याला, मी सांगितलं, हितकिद बेळेचा. म्हणजे हे असे दाबून सालीबाहेर काढलेले दाणे. त्याच्याबरोबर तांदळाची रोट्टी. मग ती वैजूला म्हणाली, "ऐक. कंप्यूटर खूप ढ असतो. त्याला काही म्हणजे काही कळत नाही, तू सांगशील तेवढंच करतो. म्हणून असं कर, ज्याला यातलं काहीच येत नाही अशा कुणालातरी रोज एक काम स्टेप बाय स्टेप सांगायची प्रॅक्टिस कर."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"बघा, बघा," मी म्हटलं. "मी बसलेच आहे."

अशी मी कंप्यूटर झाले.

नियम वैजूनं घातले. ती सांगेल तेवढंच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही. विचारायचं नाही. समजलं नाही तर थांबून राहायचं. मी म्हटलं, लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूनं हेच सांगितलं होतं, मला नवं नाही. सासूला असाच कंप्यूटर हवा होता. तिला मी मिळाले, हे तिचं नशीब.

पहिल्या दुपारी शेंगा सोलायच्या होत्या. वैजू म्हणाली, ढिगातून एक शेंग घे. घेतली. मोड. मोडली. दाणे ताटात टाक. टाकले. टरफल सुपात. टाकलं. "आता ढीग संपेपर्यंत हेच कर," ती म्हणाली आणि ऐटीत बसली. मी करत राहिले. चौथी का पाचवी शेंग मोडली तर आत हिरवी अळी, गुबगुबीत. अवरेत अळी असायचीच. अळी नाही ती शेंग औषध मारलेली, ती आम्ही घेत नाही. मी अळीसकट दाणे ताटात टाकले.

"अज्जी! अळी!"

"दिसली."

"मग टाकलीस कशाला?"

"डोकं चालवायचं नाही म्हणालीस."

अळी ताटात दाण्यांवरून चालू लागली. वैजू तिच्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "जर अळी असेल, तर शेंग बाहेर फेक. नाहीतर दाणे ताटात टाक." मी म्हटलं सरी, म्हणजे बरं. तेच तर इफ, ती म्हणाली, स्वतःशीच. तेच ते इफ, मी केव्हाचं म्हणतेय ते. इतके दिवस ती ते चालीवर म्हणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा चाल सोडून बोलली.

मला त्यात मजा येऊ लागली, हे कबूल करायला हरकत नाही. आयुष्यभर माझं डोकं न विचारता चाललंय. चहा उतू जायच्या आधी हात जातो, साडीचा काठ कुठे ओढ घेतोय ते बोटाला कळतं. ते सगळं बाजूला ठेवून नुसतं बसायचं. हात दुसऱ्याच्या शब्दावर चालतायत, आपण आत कुठेतरी रिकामे. ऊन पाठीवर. उघड, घे, टाक. उघड, घे, टाक. मला वाटायचं, मशीनला असंच वाटत असेल का? माझ्या पायमशीनला कधी विचारलं नाही.

आणि मग ती सालींची दुपार. दाणे रात्री भिजत घातले होते, फुगून परातभर झाले होते. आता ते एकेक दाबून सोलायचे. वैजू एव्हाना हुशार झाली होती. अळीचं सांगितलं, किडक्या दाण्याचं सांगितलं. म्हणाली, "परातीतून एक उचल. दाब. आतला दाणा पातेल्यात. परात रिकामी होईपर्यंत." आणि ती कठड्याला टेकून पुस्तक वाचत बसली.

तिनं सालीचं काही सांगितलं नव्हतं. साल माझ्या हातात. कुठे टाकू? विचारायचं नाही. जिथून उचलली तिथे टाकली, परातीत. पुढचा दाणा, पुढची साल, परातीत. थोड्या वेळानं दाण्यांपेक्षा साली जास्त. हाताला साल लागली की ती उचलायची, दाबायची, आत काही नाही, पातेल्यात काही पडत नाही, साल परत परातीत. पुन्हा उचलायची. दाणे कधीच संपले. मी रिकाम्या साली दाबत बसले होते. ऊन चटईवरून पायांवर आलं, पायांवरून पलीकडे गेलं. मला अर्धवट झोप लागली होती आणि हात चालू होते. खाली कुणीतरी कापडाचा तागा फाडत होतं, तो लांब आवाज संपतच नव्हता. मला वाटलं, असंच चालू राहील. संध्याकाळ होणार नाही, परीक्षा येणार नाही, दत्ता बसमधून उतरणार नाही. परातीत साली आहेत तोवर कुणाला काही होणार नाही.

"अज्जी, संपलं नाही अजून?" वैजूनं मान वर केली. मग उठून आली. परातीत बघितलं, पातेल्यात बघितलं, माझ्या हातातली ती चेपलेली साल बघितली.

"तू साली परत टाकतेयस?"

"तू सांगितलंस का दुसरीकडे टाक म्हणून?"

"पण मग ती रिकामी कधी होणार?"

"मला काय ठाऊक. मी कंप्यूटर."

ती चटईवर आडवी पडून हसली. पोट धरून, पाय झाडत. केतकी वरून वाकून म्हणाली, काय झालं? वैजूला सांगताच येईना. शेवटी म्हणाली, अक्का, अज्जी लूपमध्ये अडकली. केतकी म्हणाली, "इन्फिनिट लूप! आमच्याकडे तर मोठमोठे लोक अडकतात."

त्याच आठवड्यात दत्ता आला. रविवारी, आनेकलची सकाळची बस धरून, न कळवता. आतल्या परीक्षेचे मार्क कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते. जिना चढून गच्चीत आला तर मी परातीपुढे, आणि वैजू उभी राहून मला हुकूम सोडतेय. उजवा हात वर. दाणा उचल. थांब.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला.

"अभ्यास," मी म्हटलं.

"तुझा की हिचा?"

"ज्याला लागेल त्याचा. चप्पल काढ, दाण्यांवर पाय देशील."

तो खुर्चीवर बसला नाही. वैजूला म्हणाला, "कपडे भर. अजून उशीर झालेला नाही. युनिटात परवापासून नव्या मुली घेतायत. नापास होऊन येण्यापेक्षा आधी आलेली बरी, चार लोकांत तोंड तरी राहील."

वैजूनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातलं पुस्तक मिटलं. मला ते आवडलं नाही. पुस्तक मिटायची घाई करणारी माणसं मला आवडत नाहीत.

"दत्ता," मी म्हटलं, "तू काय बोलला होतास जिन्यात? विषय गेला तर नेईन. गेला का?"

"आतल्या परीक्षेत..."

"ती आतली. मी कंप्यूटर आहे, मला सांगितलेलं तेवढंच कळतं. गेला तर ने. अजून गेला नाही. तोवर खाली जाऊन नारळ घेऊन ये, सारू करायचाय."

तो जिन्याकडे वळला. "अम्मा, तू जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीस," म्हणाला, "आणि या वयात हिचं ऐकतेस." मग नारळ आणायला गेला. जेवताना त्यानं तीनदा सारू वाढून घेतला आणि परीक्षेचं नाव काढलं नाही. संध्याकाळच्या बसनं एकटाच गेला. त्याच्या बोटांना सोगडुचा वास लागला असणार, आनेकलपर्यंत गेला असेल.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी देवाला काही बोलले नाही. देवाला सी कुठे येतं? फॉल लावत बसले आणि दोनदा उसवला. दुपार सरली तरी वैजू आली नाही. मला तिची वाट पाहायची नव्हती, म्हणून मी परात घेऊन बसले. त्या हंगामातली शेवटची अवरे, दाणे निबर झाले होते.

आली ती जिन्यातूनच बोलत. चिठ्ठीत काय आलं ते. एखादा आकडा द्यायचा आणि त्यातल्या अंकांची बेरीज करायची. पुस्तकात हा नव्हता. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिला वाटलं, हे तर सोलणं आहे. आकड्यातला शेवटचा अंक काढायचा, बेरजेत टाकायचा, मग त्याच्या आधीचा, असं आकडा संपेपर्यंत. लिहिलं. चालवलं. काहीच झालं नाही. पडदा नुसता काळा, एका कोपऱ्यात ती बारीक रेघ उघडझाप करतेय. शेजारच्यांची उत्तरं आली, लोक उठू लागले. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले.

"मग?"

"मग मला हसू आलं."

"परीक्षकापुढे?"

"अज्जी, मी अंक घेत होते, बेरजेत टाकत होते, पण आकड्यातून काढतच नव्हते. तो तिथेच. पुन्हा तोच घेतेय, पुन्हा तोच. आकडा संपणार कसा? मला एकदम तू दिसलीस. झोपेत साली दाबत बसलेली." ती दम घ्यायला थांबली. "परीक्षकांनी विचारलं, हसतेस कशाला? मी म्हटलं, सर, साल परातीत टाकली. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही सर, एक ओळ राहिलीय. ती लिहिली. आलं उत्तर."

"परीक्षक काय म्हणाले?"

"म्हणाले, ऊन लागलंय का तुला?"

ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही, पास झाली. त्या विषयात बऱ्यापैकी, गणितात काठावर. दत्तानं फोनवर फक्त "सरी" म्हटलं आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी टेबल फॅन घेऊन आला. कपाटातला खण भरला. बॅग माळ्यावर गेली.

वैजूनं मला तेव्हा इफची आकृती काढून दाखवली होती. मधे एक चौकट, तिच्यातून दोन फाटे. हो असेल तर इकडे, नाही असेल तर तिकडे. मी नंतर कधीकधी फॉल लावताना त्या आकृतीचा विचार केला. वैजू नापास झाली असती तर आनेकलला गेली असती. पास झाली, कॉलेज संपलं, नोकरी लागली, तेव्हा बेळ्ळंदूरला गेली. तळ्याकाठी उंच इमारत आहे, तिथे तीन मुलींत मिळून घर. त्या तळ्याला फेस येतो म्हणतात. चिकपेटेहून तिथे जायचं म्हणजे आनेकल परवडलं. दोन्ही फाट्यांच्या टोकाला माझी खोली रिकामीच. हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी मी साली दाबत राहिले, कारण आनेकलच्या फाट्यावर तिनं पुस्तक मिटलं होतं. मी काही त्याग वगैरे केला नाही. मला ते मिटलेलं पुस्तक पाहवलं नाही, एवढंच.

केतकी पुण्याला परत गेली. तिच्या जागी आता एक जोडपं आहे, ते गच्चीत येत नाही. कपडे यंत्रात वाळवतात.

परवा रविवार होता. वैजू येते म्हणाली होती आणि आली, हे दोन्ही एका दिवशी जमतं असं नेहमी नसतं. जिना चढताना फोनवर इंग्रजीतून बोलत होती, गच्चीत आल्यावर मराठीत आली. केस कापलेत. डोळ्यांखाली काळं. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकची पाकिटं.

"अज्जी, सोललेले दाणेच मिळतात आता. तयार. तुझे हात दुखतात म्हणून आणले."

"माझे हात दुखतात हे तुला कुणी सांगितलं?"

"अप्पांनी."

"त्याला काय ठाऊक. ठेव फ्रिजमध्ये. दत्ताकडे जाशील तेव्हा त्याला दे."

परात माझ्यापुढेच होती, रात्रीचे भिजलेले दाणे. तिनं फोन उलटा करून कठड्यावर ठेवला, हात धुतले, समोर बसली. काय काम करते ते विचारलं तर सांगते आणि मला समजत नाही. मी महिरपी अजून असतात का विचारलं, तर म्हणाली, असतात, पण मी आता दुसऱ्या भाषेत लिहिते, तिच्यात नसतात, नुसतं आत सरकून लिहायचं. मला ते पटलं नाही. बंद केल्याशिवाय कसं कळतं संपलं म्हणून?

फोन कठड्यावर थरथरला. तिनं पाहिलं नाही. पुन्हा थरथरला.

"कधी निघायचंय?" मी विचारलं.

"उद्या सकाळी लवकर मीटिंग आहे. म्हणजे आज उजेडातच. हे संपलं की निघते."

ऊन टाकीवरून कठड्यावर आलं होतं. दाणे थोडेच उरले होते. तिचा हात चपळ, पटापट सोलत होता. दाणा पातेल्यात, साल सुपात. दाणा पातेल्यात, साल सुपात. मी माझा दाणा दाबला. साल हातात घेऊन जरा थांबले. आणि परातीत टाकली.

तिनं पाहिलं. माझ्याकडे नाही, सालीकडे. पुढची साल मी तिथेच टाकली. कठड्यावरचा फोन वाजून वाजून थांबला. खाली कुणीतरी कापड फाडत होतं.

वैजूनं एक दाणा उचलला, दाबला, दाणा पातेल्यात टाकला. साल बोटांत धरून बसली. मग हात लांब करून ती परातीत टाकली, आणि पुढची उचलली.